खोडलेले तीन आकडे

जिओफिजिक्सला ॲडमिशन घेतली तेव्हा मी नक्की काय शिकणार आहे हे आमच्या घरात कुणालाच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधले लोक विचारायचे, "म्हणजे भूकंप कधी होणार ते सांगणार का तू?" पप्पा म्हणायचे, "जमिनीचा एक्सरे काढायला शिकतेय." ते त्यातल्या त्यात बरं होतं. आत्याने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे पाणाड्याच की गं! गावाकडं हातावर नारळ घेऊन पाणी शोधत फिरतात ते. तू मशीन घेऊन फिरणार." माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं गणित आणि फिजिक्समध्ये जीव काढायचा आणि शेवटी काय, तर पाणाड्या!

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. भांडुपच्या टेकडीवर, बुद्धविहाराच्या वरच्या गल्लीत तिची एक खोली होती. आई-पप्पा दोघंही कामाला जायचे, म्हणून शाळा सुटली की मी तिच्याकडे. दहावीपर्यंत माझं दुपारचं जेवण, झोप, अभ्यास, मार, सगळं त्या खोलीत झालं. खोलीच्या मागे हातभर बोळ, आणि बोळाच्या पलीकडे टेकडी धरून ठेवणारी दगडी भिंत, दोन पुरुष उंच. भिंतीला खालच्या अंगाला ओळीने पाइपची भोकं होती. पावसाळ्यात त्यातून पाणी यायचं आणि बाकीचं वर्षभर उंदीर यायचे. एका उन्हाळ्यात आत्याने कुठूनतरी उरलेलं सिमेंट मिळवलं आणि भोकात चिंध्या कोंबून वरून थापून टाकलं. घमेलं मीच धरलं होतं. शेजारणींनी ते बघितलं आणि त्यांनीही आपापल्या मागची भोकं बुजवली. उंदीर गेले, गल्ली खूश झाली, आणि ती भोकं कशासाठी होती हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला गेले तोवर त्या भिंतीला पोट आलं होतं. फार नाही, पण बोळातून तिरकं बघितलं की दिसायचं. आत्याचा मुलगा चेंबूरला राहायचा. तो दर रविवारी फोन करून म्हणायचा, आई, सोड ती खोली, इकडे ये. आत्या ऐकेल तर शपथ! पण मी प्रोजेक्टसाठी जागा शोधतेय हे कळल्यावर तिने मला समोर बसवलं.

"तू शिकतेस ना ते? मग मशीन लाव आणि मला सांग. भिंत खराब आहे म्हणालीस तर मी जाते चेंबूरला. चांगली आहे म्हणालीस तर मला कुणी हलवायचं नाही."

ती हे हसत बोलली नव्हती. मी मात्र हसत हो म्हटलं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी मी आणि माझी प्रोजेक्ट पार्टनर, बोरिवलीची एक मुलगी, कॉलेजचा मीटर घेऊन टेकडी चढलो. काम तसं सोपं असतं. भिंतीच्या वरच्या मोकळ्या पट्टीत चार लोखंडी सळ्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांवर मोजायचं. कोरडा दगड असेल तर आकडा मोठा येतो, ओली माती असेल तर लहान. सळ्या जितक्या लांब लांब नेऊ तितकं खोल कळतं. जमीन सुकी असली की सळईला नीट पकड मिळत नाही, म्हणून प्रत्येक सळईच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओततात.

आत्या बघायला वर आली होती. आम्ही मीठ घातलेलं पाणी जपून जपून ओततोय हे तिला बघवेना. "एवढुसं काय ओतताय? शास्त्र असतं तर नीट करावं!" असं म्हणून तिने अख्खी बादली उचलली आणि मीटरच्या पुढ्यात, रेषेच्या बरोब्बर मध्यावर उपडी केली. माझा तोल गेला. पार्टनरसमोर, गल्लीतल्या बायकांसमोर मी तिच्यावर ओरडले. "आत्या! वाट लावलीस सगळ्याची! तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" ती रिकामी बादली घेऊन खाली गेली आणि अर्ध्या तासाने आम्हा दोघींसाठी चहा पाठवून दिला.

आम्ही तिथंच मोजायला सुरुवात केली. पहिले आकडे बरे आले, तीनशे, साडेतीनशेच्या घरात. सळ्या लांब न्यायला लागलो तसा आकडा घसरला, आणि शेवटचे तीन तर चाळिशीच्याही खाली. पार्टनर म्हणाली, "यार, हे काय आहे?" मी म्हटलं, "काय असणार? आत्याची बादली."

आमच्या डिपार्टमेंटची एक पद्धत होती. जो आकडा बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही त्याला पेन्सिलने गोल करायचा, शेजारी कारण लिहायचं आणि मग तो सोडून बाकीच्यांतून रेघ काढायची. सर त्याबाबतीत कडक होते. कारण लिहिलं नसेल तर वही परत. पद्धत वाईट नव्हती. मी तिन्ही आकड्यांना गोल केले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मिठाचं पाणी सांडल्यामुळे.' उरलेल्या आकड्यांमधून रेघ काय झकास आली! खाली कोरडा, घट्ट दगड. सरांनी 'उत्तम' असा शेरा दिला.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आत्याने मला सगळ्यांसमोर उभं केलं. "सांग गं, भिंतीचं काय ते." मी सांगितलं. आत दगड आहे, पाणी नाही, भिंत ठीक आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही आठवतं. तिने तिथल्या तिथे चेंबूरला फोन लावला. "आमच्या पोरीने मशीन लावून बघितलंय. आता तू गप बस."

एक सळई ठोकताना वाकली होती. लॅबवाल्याने ती परत घेतली नाही. आत्याने ती मागच्या दाराला अडसर म्हणून लावून टाकली.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या, वयस्कर, हळू बोलणाऱ्या. त्यांनी माझी वही उलटली, रेघ बघितली, आणि पेन्सिलच्या त्या तीन गोलांवर बोट ठेवलं.

"पाणी कुठे सांडलं होतं?"

"मध्यावर, मॅडम. मीटरजवळ."

"मोजायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग पाणी वरचं आणि मध्यावरचं. त्याने आधी कुठले आकडे पडायला हवेत? जवळचे की लांबचे?"

जवळचे. अर्थात जवळचे. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. जवळचे तर व्यवस्थित होते. पडले होते ते लांबचे, म्हणजे खोलचे. आत्याच्या बादलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत भिंतीच्या मागे, आत, पाणी उभं होतं. वरच्या वस्तीची गटारं, गळके पाइप, जे काय असेल ते, वर्षानुवर्षं मुरत होतं आणि त्याला बाहेर पडायला भोक नव्हतं.

बाईंनी वही मिटली. "तिथे खाली कुणी राहतं?"

"माझी आत्या," मी म्हटलं.

त्यांनी मार्क चांगलेच दिले.

परीक्षेच्या हॉलमधून मी सरळ भांडुपला गेले. आत्या तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, भोकांचंही सांगितलं. तिने ताट खाली ठेवलं नाही. "तेव्हा खरं होतं की आता खरं आहे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आता. "आणि परत मशीन लावलंस?" नव्हतं लावलं. मीटर परीक्षांमुळे कपाटात बंद होता. "मग?" ती म्हणाली. मी रडले, ओरडले, पप्पांना आणलं. वॉर्डात अर्ज दिला, एक माणूस येऊन भिंतीचे फोटो काढून गेला. गल्लीत तर कुणी ऐकूनच घेईना. विहारात सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर? झालं तर मग. शेवटी मे महिन्यात आत्या चेंबूरला गेली. मला वाटलं, सुटलो.

जुलैत तिचा फोन आला. "माळ्यावर माझी निळी पेटी राहिलीय, ती आण. घरात माणसं आहेत, त्यांना सांगून ठेवलंय."

"कुठली माणसं?"

"खोली दिलीय मी त्यांना. नवरा-बायको आणि तान्हं बाळ. गरीब आहेत गं, चांगली आहेत."

मग मी जे ओरडले ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. "तू तिथून निघालीस आणि दुसऱ्यांना आत ठेवलंस?"

"मी तुझ्यासाठी निघाले," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तू रडत होतीस म्हणून. भिंतीसाठी नाही. त्यांनी विचारलं होतं भिंतीचं. मी खरं ते सांगितलं, आमच्या पोरीने मशीन लावून बघितलंय."

त्याच दुपारी मी टेकडी चढले. चार दिवस पडून पाऊस थांबला होता आणि चक्क ऊन होतं. सगळ्या गल्लीत गाद्या, चादरी वाळत घातलेल्या. आत्याच्या दारात माझ्याच वयाची एक मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून पटकन उठली.

"ताई, तुम्हीच ना त्या मशीनवाल्या? या ना, बसा. चहा टाकते."

मी चपला न काढताच मागच्या दाराशी गेले. अडसर अजून तोच होता, माझी वाकडी सळई. ती काढून बोळात पाहिलं. भिंतीचं पोट दिसायला आता तिरकं बघायची गरज नव्हती. आत्याच्या हातचं सिमेंट बहुतेक ठिकाणी तसंच होतं, पण एका भोकावर नवं होतं, ओलसर, बोटांचे ठसे उमटलेलं.

"ते ह्यांनी कालच लावलं," ती मागून म्हणाली. "बारीक धार लागली होती. आता बघा, कसं कोरडं झालंय."

मला वर्गात सरांनी सांगितलेलं आठवलं. भिंतीतून स्वच्छ पाणी येत असेल तर खुशाल येऊ द्यायचं. गढूळ यायला लागलं की समजायचं, आतली माती निघाली, भिंत आता जाणार.

"ऐक," मी म्हटलं. "मी मशीन लावलं होतं आणि मी चुकले. आतमध्ये पाणी आहे. मी तीन आकडे खोडले आणि दोष आत्याला दिला. इथे राहू नकोस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "पण मावशी तर म्हणाल्या..." एवढंच बोलली. अर्थातच. माझ्याच तोंडचं वाक्य, आत्याच्या तोंडून तिच्यापर्यंत आलेलं. आता मी कितीही बोंबलले तरी ते पुसलं जाणार नव्हतं.

मग तिला पाणी दाखवायलाच मी सळई त्या नव्या सिमेंटवर लावली आणि पाट्याच्या वरवंट्याएवढा एक दगड उचलून ठोकली. तीन घावांत ढलपी निघाली, मग चिंधी, आणि मग पाणी. मनगटाएवढी धार, जोरात, समोरच्या दारावर. ती किंचाळली. मी बाजूला झाले. पाणी नितळ होतं, नळाला येतं तसं.

त्या टेकडीवर पाणी दिवसातून तासभर येतं, तेही जमिनीलगतच्या नळाला गुडघे टेकून भरावं लागतं. ती बाळाला कडेवर घेऊन आत पळाली आणि बादली घेऊन आली. धारेखाली लावली. तिचा चेहरा उजळला होता. "ताई, इतकं पाणी होतं इथे!"

पहिली बादली पटकन भरली. तिने ती ओढून बाजूला केली आणि दुसरी लावली. मी धारेकडे बघत होते. थांबत तर नव्हतीच, उलट वाढत होती. दुसरी बादली अर्धी झाली तेव्हा तिचा तळ दिसेनासा झाला. मग पाणी चहासारखं झालं, आणि त्यात बारीक खडे वाजायला लागले.

"ताई, हे घाण का यायला लागलं?"

मी तिच्या हातातून बादली काढून घेतली. "राहू दे ती," मी म्हटलं. "बाळाचे कपडे भर. आत्ता. मी शेजारच्यांना बाहेर काढते."