इस्तवात घातलेली सुरी

गुंडा धनगर लांबून येताना आधी घोंगडी दिसे आणि मग कमरेची सुरी. वीतभर पातं. त्याच पोलादाची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली, वर बाभळीचं लाकूड खिळ्यांनी आवळलेलं. मिटणारा चाकू त्यानं कधी जवळ केला नाही. सांधा असलेलं हत्यार ऐन वेळेला दगा देतं, असं तो म्हणे. त्या सुरीनं तो कोकराची नाळ कापी, खुरं तासी, शेळ्यांना पाला तोडी, मेलेल्या मेंढीचं कातडं सोडवी, आणि धुऊन तिनंच भाकरीबरोबरचा कांदा चिरी.

तीस सालच्या आसपास सोलापुरात, भवानी पेठेतल्या सिद्रामप्पा लोहारानं ती मोटारगाडीच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवली होती. हातात देताना तो कानडी हेल काढून एवढंच बोलला होता, "कापा, खोदा, काय बी करा. इस्तवात तेवढी घालू नका. पाणी दिलेलं हाय तिला." लाल पोलाद विझवून त्याला जो कडकपणा देतात, तेच हे पाणी; पुन्हा तापलं की ते उतरतं.

पुढच्याच उन्हाळ्यात कळपात रोग शिरला. मेंढरं माना टाकून पडू लागली. अशा वेळी धनगर तापल्या लोखंडाचा डाग देतात, पण डागायची सळई मागच्या मुक्कामावर राहिली होती. गुंडानं कमरेची सुरी उपसून विस्तवात खुपसली.

त्याची बायको मायाक्का म्हणाली, "अवं, लोहार काय बोलला व्हता?"

"मेंढरं मेल्यावर सुरी चाटत बसू व्हय?"

पातं लाल झालं. कातडं चरचरलं, जळक्या लोकरीचा वास माळभर पसरला. काही मेंढरं उठली, काही गेली. सुरी काळीनिळी पडली. गुंडानं ती दगडावर घासली, धार आली. लोहार लई बोलतो, असं त्याच्या मनात आलं.

मग एका संध्याकाळी ओढ्याच्या काठी लांडगा आला. कळप फुटला. मायाक्काच्या काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू होतं आणि ती ते सोडीना. लांडग्यानं तिचा खांदा धरला आणि तिला फरफटत ओढ्यात नेलं. गुंडानं वरून उडी टाकली. सगळं बळ लावून सुरी बरगडीवर मारली, आणि पातं ओल्या फोकासारखं वाकलं.

लांडग्यानं खांदा सोडला नाही. हाड कडकडलेलं गुंडानं ऐकलं. त्यानं डावा हात जनावराच्या जबड्यात कोंबला, तेव्हा ते त्याच्याकडं वळलं. दोन बोटं गेली. तो वाकड्या पात्यानं गळा घाशीत राहिला. पातं घसरे, रक्त त्याच्याच मनगटावरून वाही. शेवटी मायाक्कानं सरपटत जाऊन धोंडा उचलला आणि लांडग्याच्या टाळक्यात घातला. मग पुन्हा घातला. कवटी फुटली तरी ती घालतच होती. गुंडानं तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

कोकरू मघाच तिच्या अंगाखाली चिरडून मेलं होतं.

मायाक्का वाचली. पण तो खांदा पुन्हा वर झाला नाही. तिला डोक्यावर पाटी घेता येईना, केस विंचरता येईनात. पुढं तळावर रोज सकाळी मेंढरं सोडण्याआधी गुंडा तिच्यामागं बसे आणि राहिलेल्या बोटांनी तिची वेणी घाली. बायका तोंडाला पदर लावून हसत. "दादला न्हाय, जाऊ मिळाली की गं तुला," असं म्हणत. वेणी वाकडी होई. मग तो ती सोडून पुन्हा घालायला घेई, आणि कळप ताटकळत उभा राही.