गंगापूर रोडवरचं सागवानी टेबल

जुन्या लाकडाचा धंदा खरा सासूबाईंचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अंबडच्या वखारीत एका तुळईवर बसून गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या. अजूनही करतात. मी फोन घेते, फोटो पाठवते, आणि त्या बोलत असताना हसू दाबते.

एकदा इगतपुरीची जुनी चाळ पाडली, तेव्हा तिथलं सगळं लाकूड आम्ही उचललं. त्यात चाळीच्या सामायिक संडासांची दारंही आली. तिकडच्या पावसापुढे साधं लाकूड टिकत नाही, म्हणून बांधणाऱ्याने तिथेही जाड सागवान लावलेलं. सासूबाईंनी ती दारं सोडा टाकून घासून घेतली, उन्हात वाळवली, वर अळशीचं तेल चोळलं. अशी काही उजळली की विचारू नका.

गंगापूर रोडला हॉटेल काढणारे एक साहेब आले आणि नेमके त्यातल्याच एका दारापाशी थांबले.

"मावशी, ह्याचं मी जेवणाचं टेबल करणार."

सासूबाई चपापल्या. "दुसरं बघा की. ते जिन्याकडचं लय चांगलं हाय."

झालं! म्हातारी चांगला माल लपवतेय, असं साहेबांना वाटलं. "नाही, हेच. कुठलं आहे हे?"

"इगतपुरीच्या चाळीतलं. रोज सकाळी सगळी चाळ ह्याच्यापुढं रांग लावायची."

"अरे वा!"

"येताना हातपाय धुऊनच यायची माणसं."

साहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे देवळाचं?"

"मी देऊळ म्हणाले नाय," सासूबाई म्हणाल्या. पण साहेब तोवर टेम्पोवाल्याला फोन लावत होते. मी वखारीच्या मागे जाऊन पोट धरून हसले.

उद्घाटनाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं, आणि मानाची जागा म्हणून त्याच टेबलावर बसवलं. वर काच, कडेला झेंडूची माळ. मी पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही. सासूबाई मात्र निवांत जेवत होत्या. "घासलंय ना आपण!" असं मला हळूच म्हणाल्या.

इतक्यात एक आजीबाई आल्या, टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. ते पाहून सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्या उठल्या, साहेबांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, तेव्हाच का नाही बोललात?"

"सांगतच होते की. तुम्ही देवळात शिरलात, त्याला मी काय करू?"

त्यावर साहेब असे खो-खो हसले की आचारी बाहेर येऊन बघायला लागला.

माळ त्यांनी त्याच दिवशी काढली. पण टेबल ठेवलं, आणि कोणी विचारलं तर खरं तेच सांगायला लागले. निम्मी माणसं उठून दुसरीकडे बसतात, निम्मी मुद्दाम तिथेच जागा मागतात. परवा त्यांचा फोन आला, उरलेली दारंही हवी आहेत म्हणून. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "आता त्याला लय मागणी हाय, साहेब."