टिकलीपुढे गेलेला तडा

मिरज सोडल्यावर खिडकीबाहेर ऊसच ऊस लागला. उभा, तोडलेला, ट्रॉल्यांमध्ये कोंबलेला. गुऱ्हाळांचा गोड, जरासा करपट वास डब्यात शिरत होता. अकोल्याहून निघून रात्र उलटली होती, पाठ आखडली होती, पण त्या वासानं माझ्या नवऱ्याची, मधुकररावांची, तब्येत एकदम खुलली. नोकरीतून सुटल्यावरची आमची ही पहिली सहल.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात वरची खोली घेतली होती. घर विटा-सिमेंटचं, दुमजली, नीट रंगवलेलं. डाव्या बाजूला लागूनच पत्रे ठोकून बंद केलेली जागा होती आणि पत्र्यांआड यंत्राची घरघर चालू होती. दारात साठीची एक उंच बाई मोबाइल हातात धरून उभी होती. घरमालकीण शोभाक्का. माहेर सीमेकडचं, म्हणून अख्ख्या पेठेची ती अक्का (कानडीत थोरली बहीण).

"पावणं, थांबा," ती म्हणाली. (पावणं म्हणजे पाहुणे. इथं अनोळखी माणसालाही हीच हाक.) "खोलीत पाय ठिवायच्या आदी फोटो."

आम्ही बॅगा घेऊन जिन्यात उभे, आणि ती आत एकेका भिंतीचा, पलंगाचा, बेसिनचा फोटो काढत होती. मागे कुणी पाहुण्यांनी आरसा फोडला आणि साफ नाकबूल गेले. तेव्हापासून पुण्यातल्या भाच्यानं तिच्या मोबाइलमध्ये एआयचं ॲप घालून दिलं होतं. पाहुणे यायच्या आधीचे फोटो आणि रोज झाडलोट करतानाचे फोटो ते ताडून बघतं. काय फुटलं, कशानं फुटलं, दुरुस्तीला काय लागेल, सगळं लिहून देतं.

"आमी काय फोडाय आलेलो न्हाय," मधुकरराव तिच्याच बोलीत म्हणाले. तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहर पाहिलं. अंबाबाईचं दर्शन, मिसळीचा झणका, रंकाळ्यावर कणीस. चपलांच्या गल्लीत मधुकररावांनी एक जोड घेतला, लगेच पायात घातला आणि अर्ध्या तासात दोन्ही टाचा सोलून घेतल्या. दुपारी ते एकटेच तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आले, कारण शोभाक्काच्या घरी मांसाहार वर्ज्य. संध्याकाळी ते लंगडत, मी त्यांची नवी पायताणं पिशवीत घेऊन, असे परतलो, तर शोभाक्का जिन्याच्या तोंडाशीच उभी.

"काय टांगलतं भिताडाला?"

मला आधी कळेचना. तिनं मोबाइल पुढे धरला. खोलीचा फोटो, त्यावर पलंगाच्या वरच्या भिंतीवर लाल चौकट. खाली लिहिलं होतं: नवीन नुकसान, भिंतीला तडा. संभाव्य कारण, जड वस्तू टांगणे किंवा आघात. संभाव्य जबाबदारी, सध्याचे पाहुणे. त्याखाली पुट्टी आणि रंगकामाचा आकडा.

"हा आधीचाच असेल," मी म्हणाले.

तिनं बोट सरकवलं. आम्ही आलो त्या दिवशीचा फोटो. भिंत स्वच्छ.

वर जाऊन पाहिलं. केसासारखा बारीक तडा, खिळ्याच्या बाजूनं तिरका उतरलेला. त्या खिळ्याला मधुकररावांची पिशवी लटकत होती. ते ओशाळे झाले. "माझ्या पिशवीनं तर नसेल?"

"दोन सदरे आणि दाढीचं सामान! त्यानं भिंत फुटते होय?" मी त्यांच्यावरच खेकसले. पण खरं सांगते, क्षणभर मला त्यांचाही संशय आला. सकाळी मी आंघोळीला गेले असताना यांनी काही ठोकलं तर नाही ना? मग वाटलं, हा धंदाच असेल. जुन्या भिंतीचा कोरा फोटो ठेवायचा, आलेल्या प्रत्येकाला तडा दाखवायचा. मोबाइलवर काय, काहीही करता येतं. रात्रीचं जेवण शोभाक्काकडेच होतं. ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). चव उत्तम होती. पण ती वाढताना माझ्याकडे पाहत नव्हती आणि मी तिच्याकडे. लोकांच्या घरात चोर ठरून जेवायला बसणं काय असतं, ते त्या ताटावर कळलं.

सकाळी निघण्याआधी मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक लाल टिकली चिकटवली. आपल्यामागे कुणी तडा वाढवला तर पकडता यावं, एवढाच हेतू. टिकल्यांसह भिंतीचे फोटोही काढून ठेवले. मग किल्ली शोभाक्काच्या हातात देऊन आम्ही आजऱ्याची एसटी धरली.

आजऱ्याचा रस्ता सुंदर आहे. ऊस मागे पडतो, डोंगर जवळ येतात, काजूची झाडं लागतात. तिथल्या एका कारखान्यात बायका ओळीनं बसून काजूगराची साल सोलत होत्या. एकीनं मला गर चाखायला दिला. पलीकडे बिया फोडणाऱ्या बाईचे तळवे टरफलाच्या तेलानं काळे पडले होते. "ह्यो डाग जात न्हाय, वैनी," ती सहज म्हणाली. बाजारात आम्ही घनसाळ तांदूळ घेतला. बारीक आणि असा सुवासिक, की एसटीतले शेजारी वळून बघत होते. इतकं सगळं छान होतं, आणि मी मात्र दिवसभर एका भिंतीचा विचार करत होते.

परत आलो तेव्हा पत्र्यांआडचं यंत्र अजून चालूच होतं. शोभाक्का आमच्यामागोमाग खोलीत आली.

"आज लाल डाग दावतंय दोन. आनि तडा वाढीवलाय म्हनं तुमी."

मी भिंतीकडे पाहिलं. खालची टिकली होती तिथंच होती. तडा तिच्या खालून निघून वीतभर पुढे गेला होता, आणि आता तो केसासारखाही राहिला नव्हता.

"अक्का, आम्ही दिवसभर आजऱ्यात होतो. किल्ली तुमच्याकडे होती."

"म्हंजे मी क्येलं म्हनताय?"

"मग कुणी केलं?"

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या. आणखी एखादा शब्द गेला असता तर भांडण खालच्या गल्लीत ऐकू आलं असतं. तेवढ्यात बाहेर यंत्राचा दणका बसला. पायाखालची फरशी हलली आणि तड्यातून चिमूटभर पांढरी भुकटी पलंगाच्या उशीवर सांडली. पुन्हा दणका. पुन्हा भुकटी.

 मोबाइल कमरेला खोचून शोभाक्का धडाधड जिना उतरली. या भिंतीच्या बरोबर खाली तिची झोपायची खोली होती आणि भिंतीला लोखंडी कपाट. "लावा जरा हात," ती म्हणाली. आम्ही तिघांनी कपाट ओढलं. मागचा तडा पाहून मधुकररावांनी तिला हाताला धरून मागे घेतलं. त्या तड्यात माझं बोट सहज गेलं असतं. भाच्याच्या ॲपला या खोलीचा फोटो कधी कुणी दाखवलाच नव्हता. इथं पाहुणे नव्हते. इथं शोभाक्काची खाट होती.

पत्र्यांच्या आत गाड्या ठेवायला तळघर खणत होते. शोभाक्का हाका मारत आत शिरली, मागोमाग आम्ही. सुपरवायझर शांतपणे बाहेर आला. त्यानं बाहेरूनच भिंतीचा फोटो घेतला आणि स्वतःचा मोबाइल आम्हाला दाखवला. त्याच्याकडेही तसलंच ॲप होतं.

"वरवरचा तडा हाय, मावशी. धोका न्हाय म्हनतंय. पुट्टी मारून देतो की."

"धोका न्हाय?"

"ॲपला सगळं कळतंय."

"मग त्या ॲपला आज माज्या खाटंवर झोपीव," शोभाक्का म्हणाली.

ती परत गेली आणि घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. खड्ड्यात उतरणाऱ्या वाटेवर, यंत्राच्या बरोबर समोर तिनं ती ठेवली आणि बसली. मी काय करणार? एक घमेलं पालथं घातलं आणि शेजारी बसले. ज्या बाईला मी घटकाभरापूर्वीपर्यंत लबाड समजत होते, तिच्या शेजारी, धुळीत, सहलीच्या ठेवणीतल्या साडीत. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला. त्या आवाजानं गल्लीतली माणसं जमली. कोल्हापुरात माणसं जमली की हळू बोलत नाहीत. थोड्या वेळानं ड्रायव्हर यंत्र बंद करून खाली उतरला.

त्या रात्री शेजाऱ्यांनी आम्हाला त्या घरात पाऊल ठेवू दिलं नाही. समोरच्या घरात सगळ्यांची अंथरुणं पडली. सकाळी महापालिकेचे इंजिनिअर आले. ते आधी खड्ड्यात उतरले. भिंतीच्या पायाखालची माती खड्ड्याकडे ढासळली होती. घर रिकामं करा, भिंतीला लगेच टेकू द्या, असं सांगूनच ते वर आले. सुपरवायझर आपला मोबाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता.

आमची गाडी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून शोभाक्काला तिच्या धाकट्या बहिणीकडे, कबनूरला, आम्हीच पोचवलं. तिथं घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट. जेवताना भिंत थरथरत होती. मी न राहवून तिला हात लावून पाहिला.

"ही भिताडं जन्मापासनं नाचत्यात," शोभाक्का म्हणाली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. मग मोबाइल माझ्याकडे दिला. "ह्ये इचारतंय, पावण्यांस्नी बिल धाडू का. न्हाय कुटं दाबायचं?"

मी शोधलं. तिथं 'हो' होतं आणि 'नंतर' होतं. 'नाही' नव्हतंच. मी 'नंतर' दाबलं.

निघताना तिनं माफी मागितली नाही, मीही नाही. "परत या. मी हाय की," एवढंच म्हणाली, आणि आमची रिक्षा वळेपर्यंत कंबरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. बांधकामवाले आधी हात झटकत होते, मग पेठ उठली. आता त्यांच्याच खर्चानं भिंत पायापासून नव्यानं बांधली जातेय. "ॲप?" मी विचारलं. "हाय की. पावण्यांचा काय भरवसा!" ती म्हणाली.

अकोल्यात मुलीनं विचारलं, "आई, ही शोभाक्का दिसते कशी? दाखव ना." मी मोबाइल उघडला. भिंत. टिकलीसह भिंत. भिंत जवळून. कपाटामागची भिंत. खड्डा. पुन्हा भिंत. संशयानं मी इतके फोटो काढले, आणि त्यात माणूस एकही नाही.

मोबाइल उलटा ठेवला आणि सांगायला बसले. उंच आहे. सावळी. कपाळावर विभूतीची रेघ. 'मी गेलो, मी आलो' असं पुरुषासारखं बोलते, तिथल्या बायका तशाच बोलतात. आणि खुर्ची घेऊन यंत्रासमोर बसली ना, तेव्हा तिचे हात थरथरत होते. ते फक्त शेजारी बसलेल्या मला दिसत होतं.