गच्चीवरची रेंज

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा मला थंडीची नव्हे, फोनची काळजी पडली. अंबडच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन येणार होतं आणि ते शिकायला मला तीन महिने पाठवत होते. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. साहेबांनी ई-मेल उघडणारा मोठा फोन हातात ठेवला आणि म्हणाले, "कार्ड तुझं तू बघ, तिकडे चालेल असं."

तिकडे चालेल असं! म्हणायला काय जातंय. एम. जी. रोडवरची सगळी दुकानं पालथी घातली. एक कंपनी म्हणे, प्रीपेड परदेशात चालणार नाही. दुसरी म्हणे, आधी सहा महिने जुने गिऱ्हाईक व्हा. मला पंधरा दिवसांत विमानात बसायचं होतं. तिसऱ्या कंपनीने दोन फोटो आणि लाइट बिल घेऊन तिथल्या तिथे रोमिंग चालू करून दिलं, वर घरच्यांसाठी आणखी एक कार्ड फुकट. दुकानदार म्हणाला, "दोन्हीकडे एकच कंपनी असलेली बरी." मला ते पटलं. पटायलाच बसलो होतो मी.

ही सगळी वणवण आईसाठी होती. ती वडिलांबरोबर गावी, सायखेड्याला राहायची आणि तिचं हृदय अधू होतं. तीन महिन्यांत तिला काही झालं तर मला कळायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिकडे आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. म्हणून आम्ही ठरवलं, उचलायचाच नाही. दिवेलागणीच्या आधी आईने रिंग द्यायची आणि मी कापायची. रिंग आली म्हणजे ती बरी, कापली म्हणजे मी बरा. तेव्हा सगळ्यांच्याच घरची निम्मी ख्यालीखुशाली मिस्ड कॉलवर चालायची, त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते फुकटचं कार्ड आईच्या फोनमध्ये घातलं, तर घरात रेंजच नाही. ओट्यावर नाही, अंगणात नाही. शेवटी गच्चीवर दोन कांड्या दिसल्या. गच्चीला जिना नव्हता, बाहेरून लोखंडी शिडी होती. मी शिडीकडे बघत उभा राहिलो तर आईच म्हणाली, "वर लय चांगली रेंज हाय. मी चढंल हळूहळू. तू जा निवांत." आणि मी गेलो.

तिकडे दुपारी दीडच्या सुमारास फोन थरथरायचा, वर 'आई' दिसायचं, मी कापायचो. चाळीसेक दिवस असे गेले. नंतर नंतर मी न बघताच कापायला लागलो.

एक दिवस कापला तर पुन्हा वाजला. पुन्हा कापला, पुन्हा वाजला. मशीन उघडं पडलेलं, शिकवणारा गोरा शेजारी उभा. माझं डोकं फिरलं. एवढं समजावून सांगितलं तरी कळत नाही का हिला, असं मनात आलं. तिसऱ्यांदा कापला आणि फोन बंद करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या फोनवरून रिंग आली. वेळ ती नव्हती, म्हणून उचलला. वडील होते. चहा ठेवता ठेवता आई गेली होती.

मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मला रडू आलं नाही. आलेल्या माणसांना पाणी दिलं, सतरंज्या झटकल्या, कोणी काय विचारेल त्याचं उत्तर दिलं. आत सगळं बधिर होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला बरंच वाटत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मामेभावाचा फोन वाजला. चुलीपाशी बसून तो मजेत बोलत होता. त्याचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. माझा नंबर तर कुठल्याही फोनवरून लागला असता. रोमिंग मला हवं होतं, आईला नव्हे. तिला घरात चालणारं कुठलंही कार्ड पुरलं असतं. कपाळ माझं! अधू हृदयाच्या बाईला मी रोज शिडी चढायला लावली होती. हे मी कोणाला बोललो नाही.

पाहुणे पांगल्यावर वडिलांना विचारलं, "त्या दिवशी तिने तीनदा रिंग का दिली?"

"बोलायचं म्हनत होती तुझ्याशी," ते म्हणाले. "पडू दे पैसे पडले तर, म्हने."

"मग?"

"मग काय, तू कापला. खाली आली आन् मला म्हनली, आज तीन-तीनदा कापला, म्हंजे लय मजेत हाय पोरगं. दोन घास जास्त जेवली त्या दिवशी."

मी "बरं" म्हणालो.