बंद पडलेली वर्गणी आणि नवी सिस्टीम

त्या शनिवारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा मी पुस्तकांच्या मोजदादीत पार बुडाले होते. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेली, घरी पावरी बोलणारी. आता डोंगरातल्या रानभाज्यांवर पीएचडी करत होती. वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची तिची आहे हे विद्यार्थीदशेपासून सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम, एक विचारू? पासवर्ड कसा टाकायचा असतो?"

मला हसू आलं. "तुला माहीत नाही? तूच तर मुलांना शिकवतेस."

"माहीत आहे. पण दोन महिने झाले, टाकते आणि उघडत नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

दोन महिने ती दर शनिवारी, तास संपले की येत होती, कोपऱ्यातल्या संगणकावर बसत होती, पासवर्ड टाकून बघत होती आणि परत जात होती. मी तिला जाताना बघायचे. मान हलवून निरोप घ्यायची, मीही मान हलवायचे.

संगणक उघडून बघितलं तर तिला हवी असलेली संशोधनपत्रिकांची वर्गणी संपलेली होती. प्रकाशकाचे तीन मेल येऊन पडलेले होते. माझ्याच मेलमध्ये, न वाचलेले. नूतनीकरणाचं पत्र प्राचार्यांच्या ऑफिसातून गेलं असेल असं मी धरून चालले होते. ऑफिसवाले मी पाठवलं असेल असं धरून चालले होते.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं."

ती लगेच म्हणाली, "असू द्या मॅडम, होतं असं." तिने रागवायला हवं होतं. ती रागावली नाही, म्हणून ते मला जास्त लागलं.

मी एकोणीस वर्षं इथली ग्रंथपाल आहे. नंदुरबारला राहते, रोज एसटीने प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडून कॉलेजला येते. आले तेव्हा ग्रंथालय म्हणजे कपाटं, कार्डं आणि शिक्का होता. मग ई-पुस्तकं आली, ई-पत्रिका आल्या. एकेकाची वर्गणी वेगळी, मुदत वेगळी, अटी वेगळ्या, पासवर्ड वेगळा. ते सगळं मी एका डायरीत लिहीत गेले. डायरी भरली की दुसरी. कपाटातून पुस्तक गेलं तर फटीवरून कळतं. पत्रिका बंद झाली तर काहीच कळत नाही. पडदा तसाच दिसतो, फक्त आत जाता येत नाही.

मी प्राचार्यांना झालेलं सगळं सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत, पण त्यांच्या मनात वेगळंच चाललेलं होतं. कॉलेजचा दर्जा ठरवणारी मूल्यांकन समिती येणार होती. "मॅडम, मोठ्या कॉलेजांत यासाठी सिस्टीम असते ना? सगळ्या ई-साहित्याचा हिशेब ठेवणारी? आपणही घेऊ. तुम्ही बघा, कोणती चांगली." एक कमिटी झाली. ते स्वतः, वाणिज्य विभागाचे प्रमुख, संगणक शिकवणारे एक तरुण सर आणि मी.

पुढचे काही आठवडे कंपन्यांचे लोक आले. पहिल्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला, इस्त्रीच्या शर्टात, मोठा पडदा घेऊन. पडद्यावर आलेखांच्या रंगीत चकत्या फिरल्या, खांब वरखाली झाले. कोणती पत्रिका किती वेळा वाचली गेली ते एका क्लिकवर. प्राचार्य पुढे सरकून बसले.

मी विचारलं, "एखादी वर्गणी संपत आली तर ही सिस्टीम कोणाला सांगते?"

"मेल जातो, मॅम."

"कोणाला?"

"तुम्ही ज्यांचा आयडी टाकाल त्यांना."

"आणि त्यांनी तो वाचला नाही तर?"

तो हसला. "मॅम, वाचायचं काम तर माणसालाच करावं लागेल ना."

सगळे हसले. मीही हसले. पण दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं.

दुसरी कंपनी लहान होती. त्यांचा माणूस आलाच नाही, व्हिडिओ कॉलवरच सगळं दाखवलं. मध्येच वीज गेली आणि पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. त्यांचा पडदा साधा होता, ऑफिसच्या फॉर्मसारखा. तिसरी सिस्टीम फुकट मिळणारी होती, पण आपली आपण बसवायची. संगणकवाले सर म्हणाले, "मी बसवतो." उत्साह खरा होता. पण तेही तासिकेवरच. पुढच्या जूनमध्ये ते इथे असतील की नाही हे त्यांनाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मला काही सुचेना. तिन्हींची माहितीपत्रकं समोर पसरली तरी सगळी सारखीच वाटायची. शेवटी कोणीतरी सांगितलं की नवापूरकडच्या एका कॉलेजात पहिल्या कंपनीची सिस्टीम आहे. वापरात असलेली बघावी म्हणून मी रजा टाकली आणि नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. खांडबाऱ्याला उतरले, तिथून जीप. बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी टोपली आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

तिथले ग्रंथपाल माझ्यापेक्षा वयाने मोठे, निवृत्तीला आलेले. एकटेच होते. परिचराची जागा कधीचीच रिकामी. पुस्तकं देणं, घेणं, झाडणं, सगळं तेच बघत. मी येण्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली.

"ताई, खरं सांगू का?"

"त्यासाठीच आलेय सर."

"मी ती गेल्या वर्षापासून उघडलेलीच नाही."

त्यांनी उघडून दाखवली. पडदा तोच, चकत्याही त्याच. पण आतल्या तारखा सगळ्या पहिल्या वर्षाच्या. बंद झालेल्या पत्रिका चालू दिसत होत्या, नव्या घेतलेल्या नव्हत्याच. ज्या प्राध्यापकांनी ती शिकून घेतली होती ते दुसरीकडे गेले. कोणी आलं की सर त्यातला एक अहवाल छापून दाखवत. खरा कारभार भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. लाल पेनाने गोल केलेल्या तारखा, बाजूला बारीक अक्षरात पत्रिकेचं नाव.

"लाज वाटते," ते म्हणाले. "पण भरायला माणूस कुठाय? सिस्टीम उपाशी असते ताई, रोज खायला घालावं लागतं."

मला त्यांची लाज वाटली नाही. माझ्या न वाचलेल्या तीन मेलांबद्दल मी त्यांना सांगितलं. त्यांनी कोणताही सल्ला न देता डबा उघडला. नागलीची भाकर, तुरीची डाळ, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. "जेवल्याशिवाय जायचं नाही," म्हणाले. जेवताना मग बोलले, "कोणती घ्यायची ते मागाहून ठरवा. आधी आपल्याकडे काय काय आहे ते एका कागदावर काढा. मी तेच केलं नाही. यादी पक्की असेल तर कुठलीही सिस्टीम चालेल. यादी नसेल तर कुठलीच नाही."

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि मी नंदुरबार येईपर्यंत झोपले.

दुसऱ्या दिवसापासून यादीला लागले. आमचे परिचर माझ्याही आधीपासून ग्रंथालयात आहेत, शहाद्याकडच्या गावातले. घरात, कॉलेजात, प्राचार्यांपुढेही अहिराणीच बोलतात. ते जुन्या फायली काढून देत, मी वाचत, आणि वनस्पतिशास्त्राची ती, तास नसतील तेव्हा येऊन संगणकावर टाइप करत बसे. मी तिला एकदा म्हणाले, "तुझं काम नाही हे." ती म्हणाली, "मला कळेल तरी मॅडम, काय आहे आणि काय नाही."

एका दुपारी मी डबा न उघडता फायलीत डोकं घालून बसलेली बघून परिचर म्हणाले, "मॅडम, जेवी ल्या पहिले. यादी काय पयी जावाव नही."

"पळून जाणार नाही, पण थोडंच राहिलंय."

"ते तुम्ही सोमवारपाईन सांगी ऱ्हायनात."

मी डबा उघडला.

मोठी गोष्ट सापडली ती ऑफिसच्या फायलीत. एका ई-पुस्तकांच्या संग्रहाचा मूळ करार बिलाबरोबर तिथे जाऊन पडला होता, ग्रंथालयात कधी आलाच नाही. मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना कॉलेजच्या बाहेरूनही हा संग्रह वाचता येईल. फक्त ग्रंथपालाने यादी पाठवून ती सोय सुरू करून घ्यायची. आम्ही तीन वर्षं तो संग्रह घेत होतो आणि तीन वर्षं मुलांना सांगत होतो की कॉलेजच्या संगणकावरच चालतं.

मी कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. आमची निम्मी मुलं होळीला, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला डोंगरात घरी जातात. कितीजण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गुजरातेत असतात आणि परीक्षेपुरते येतात.

"मी एम.एस्सी.ला असताना हे चालू होतं?" तिने विचारलं.

"हो."

कागद नीट घडी करून तिने फायलीत लावला.

कमिटीच्या बैठकीत मी यादी ठेवली. प्राचार्यांना अजून पहिलीच कंपनी हवी होती. "मॅडम, समितीसमोर चांगली दिसेल हो ती." मी नवापूरकडचं जे बघितलं ते सांगितलं, त्या कॉलेजचं नाव न घेता. मग मी म्हणाले, "मला तीनच गोष्टी हव्या आहेत सर. मुदतीची सूचना मला एकटीला नको, तुम्हाला, ऑफिसला आणि मला, तिघांना जायला हवी. मुलांना बाहेरून एकाच पासवर्डने आत जाता यायला हवं. आणि पान हलकं हवं, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला जेवढी रेंज असते तेवढ्यात उघडणारं."

पुण्याच्या सिस्टीमचं पान आम्ही माझ्या फोनवर वाय-फाय बंद करून उघडून बघितलं. ते फिरतच राहिलं. लहान कंपनीचं उघडलं. शिवाय तिच्या माणसाला मी फोनवर दोन प्रश्न विचारले होते, त्यातल्या एकाला तो सरळ म्हणाला होता, "हे आमच्याकडे होत नाही, मॅडम." हे ऐकून मला बरं वाटलं होतं. निदान काय होत नाही ते माहीत झालं. वाणिज्य विभागाचे प्रमुख तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "जिला चालवायची आहे तिला चालवता येईल ती घ्या." प्राचार्यांनी सही केली. "पण समितीने विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं," म्हणाले.

सिस्टीम दिवाळीच्या सुट्टीत बसली. माहिती भरताना अर्ध्या गोष्टी दोनदा कराव्या लागल्या, कारण त्यांचा फॉर्म आणि आमची यादी जुळेना. मुलांची यादी पाठवून बाहेरून वाचायची सोय सुरू करून घेतली, बंद पडलेली वर्गणीही पुन्हा सुरू झाली. मी धावत तिला सांगायला गेले तर ती अवघडली. ज्यासाठी त्या पत्रिका हव्या होत्या ते प्रबंधाचं प्रकरण तिच्या मार्गदर्शकांनी तोवर आटोपतं घ्यायला लावलं होतं. काही लेख तिला पुण्यातल्या एका मैत्रिणीने पाठवले होते, बाकीच्यांवाचून तिने भागवलं होतं. "पुढच्या प्रकरणाला होईल ना मॅडम," ती म्हणाली. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

समिती आली. सिस्टीमच्या पडद्यासमोर ते लोक जरा वेळ थांबले, एकाने "छान" म्हटलं, आणि ते प्रयोगशाळेकडे गेले. मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने वसतिगृहातल्या मुलींना वाचनालयात बोलावलं, फोन घेऊन. मी बाहेरून लॉगिन कसं करायचं ते एका पानावर सोप्या मराठीत लिहून काढलं होतं, परिचरांनी त्याच्या प्रती वाटल्या. मी समजावायला सुरुवात केली, पण माझं ऑफिशियल मराठी ऐकताना मुलींचे चेहरे कोरेच राहिले. मधल्या रांगेतल्या एकीने हळूच विचारलं, "मॅडम, आमच्या घरी रेंज नाही. टेकडीवर गेलं तर एकदा उतरवून घेता येईल का? मग खाली येऊन वाचायचं?"

मी आमच्या वनस्पतिशास्त्रवालीकडे बघितलं. ती पुढे आली, त्या मुलीचा फोन हातात घेतला आणि पावरीत बोलायला लागली. एकोणीस वर्षं या कॉलेजात आहे, पण मला पावरी येत नाही. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या, कोणी हसली, कोणी फोन पुढे केला. परिचरांनी एक खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली. मी बसले. पाय फार दुखत होते. काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं, पण मुलींच्या फोनवर एकेक करून पान उघडत होतं ते दिसत होतं.