रिकाम्या गोलाखालची जागा

डॉ. कुमुदताई भिवापूरकर यांचा आणि माझा परिचय फुटपट्टीने सुरू झाला. सतरा-अठरा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका रुग्णालयात, त्यांच्या मानसोपचार विभागात, मी नोंदणी कारकून म्हणून रुजू झालो. नाव विचारण्याआधी त्यांनी फुटपट्टी आणि काळी शाई पुढे सरकवली. म्हणाल्या, "रेघ सरळ येते ना? इथं माणसांची घराणी काढायची आहेत." सारा विभाग त्यांना बाई म्हणतो, मीही तेच म्हणतो.

काम सोपे होते. रुग्णाची वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, आणि मनाचा आजार झालेल्याची आकृती काळी भरायची. बाईंची शिस्त अशी, की प्रत्येकाच्या खाली त्याच्यावर काय गुदरले तेही लिहायचे. कोणाचे मूल गेले, कोणाला माहेरी धाडले. इतर डॉक्टर थट्टा करीत, "बाई, वंशावळी सांगणाऱ्या भाटांचा धंदा बुडवाल तुम्ही." बाई हसत आणि मला आणखी एक ओळ सांगत.

मला मात्र त्या कागदांची धास्ती बसली. आम्ही उमरेडचे विणकर. मी सहा वर्षांचा असताना आईला वेड्यांच्या इस्पितळात नेले, ती परतली नाही. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. माझे लग्न जुळवताना वडिलांनी मुलीकडच्यांना 'तापाने गेली' असे सांगितले होते. आता मला सत्ताविसावे सरत होते आणि बायको पोटुशी होती. आजीकडून आईकडे, आईकडून लेकाकडे शाई उतरताना मी रोज बघत होतो. एखादे नाव पटकन आठवले नाही तरी वाटे, आले आपल्यावर.

एके दिवशी उमरेडचीच एक विणकरीण सासूसोबत तपासणीला आली. तिचे घराणे काढून मी बाईंपुढे ठेवले. बाईंनी चष्मा वर केला. "ही खालची चार वर्षांची मुलगी. हिला काय झालंय?"

मी पाहिले. त्या मुलीचा गोल मी काळा भरून टाकला होता.

सासू घाबरली. "तिले काही नाही झालं जी. घरी अंगणात खेळून राहिली. तिले काहून काळं केलं?"

बाईंनी तिची माफी मागितली आणि कागद फाडला. दुपारी मला बोलावून एवढेच म्हणाल्या, "ती शाई त्या मुलीची नव्हती. कोणाची होती?"

मी सारे सांगून टाकले. विचारले, "बाई, मला होणार का? माझ्या मुलाला?"

मला 'नाही' एवढाच शब्द हवा होता. बाईंनी तो दिला नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, हे बाईंच्या या गौरवग्रंथात शोभत नसले तरी लिहितो. त्यांनी माझे घराणे माझ्याच हातून काढवले. आईच्या गोलाखाली लिहायला लावले: एका वर्षात दोन मुले दगावली, माग बंद, बाळंतपणानंतर महिनाभर झोप नाही. शेजारी मावशी, त्याच आईबापाची, ठणठणीत.

"आजार घराण्यातून येतो हे खोटं नाही," बाई म्हणाल्या. "पण एकीत तो जागा झाला, दुसरीत नाही. जे सोसावं लागतं तेच आत शिरून त्याला जागं करत असावं. कसं, ते मला ठाऊक नाही. आपल्या हाती आहे तेवढं सांभाळू. आधी घरी सांगा."

घरी सांगणे मला आजाराहून भयंकर वाटत होते. त्या रविवारी बाई स्वतः आल्या आणि माझे बोलून होईपर्यंत ओसरीवर बसून राहिल्या. बायकोने सारे ऐकले. म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं जी? एकटेच भिऊन राहिले इतके दिवस." मग तिने बाईंना विचारले, लक्ष कशावर ठेवायचे. "यांच्या झोपेवर. दोन रात्री झोप गेली की तिसऱ्या सकाळी माझ्याकडे." पुढच्या वर्षभरात बायकोने मला दोनदा नेले. दोन्ही वेळा दोष ढेकणांचा निघाला.

मुलगी झाली. माझे अठ्ठाविसावेही पार पडले. तेव्हापासून दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला बाई आमच्या घराण्याचा तो कागद कपाटातून काढतात आणि तिच्या गोलाखाली एक ओळ लिहितात. 'गोवर आला, गेला.' 'शाळेत रडते.' 'आजोबा गेले, जेवत नाही.' ही शेवटची ओळ लिहिल्यावर बाई आठवडाभर रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन तिच्या शेजारी जेवायला बसत होत्या.

यंदा ती दहावीला आहे. परीक्षेआधी दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या सकाळी तिला बाईंपुढे नेऊन बसवले. बाई तिच्याशी तासभर बोलल्या आणि कागदावर लिहिले, 'परीक्षेची भीती. वडिलांना जास्त.' मुलगी झोपू लागली. मी अजून लागलेलो नाही.

बाई साठ वर्षांच्या होत आहेत. या ग्रंथात सारेच त्यांना शतायुष्य चिंतितील. माझे चिंतणे स्वार्थाचे आहे. मुलगी अठ्ठावीस वर्षांची व्हायला अजून बारा वर्षे आहेत, आणि भीती काही माझी पाठ सोडत नाही. पण तिचा गोल कोरा आहे, आणि त्याच्याखाली पुष्कळ जागा आहे. ती तुमच्याच अक्षरात भरायची आहे, बाई. प्रकृतीला जपा.