आलेख वाचणारा भाऊ

हेब्बाळच्या प्रयोगशाळेत अक्षराचा गट क्षयावर नवं औषध शोधत होता. तिथला रिवाज एकच: निकाल बरा येवो वा वाईट, त्याच दिवशी इंटरनेटवर टाकायचा, सगळ्या जगासाठी. लपवाछपवीची अक्षराला भारी चीड. "आपण पडलो त्या खड्ड्यात दुसऱ्यांनीही पडायचं का?" असं ती तावातावानं विचारायची.

चामराजपेटच्या घरी तिचा धाकटा भाऊ अभिराज कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयानं अंथरुणाला खिळला होता. गटाचं निकालांचं पान तो रोज फोनवर उघडायचा. आलेख कसा वाचायचा, हे तिनंच त्याला कौतुकानं शिकवलेलं. गेल्या महिन्यात एका रेणूनं क्षयाचे जंतू मारले, तेव्हा अभिराज दोन घास जास्त जेवला होता.

आज दिसलं, की तोच रेणू यकृताच्या पेशीही मारतो.

"उद्या टाकू या," सहकारी हळूच म्हणाला.

तिचं बोट क्षणभर अडखळलं. मग तिनं निकाल टाकला आणि बस पकडली.

घरी अभिराज भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"जेवलास का रे?"

"जेवलो स्वल्प. अक्का, आज तुझं पान बघायचं राहूनच गेलं बघ."

त्याच्या उशाशी आईनं झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.